आमच्या बँडातला तारपा

तो श्वास कधी घेतो, हे आमच्या बँडात कोणालाच कधी कळलं नाही. आम्ही बाकीचे वाजवताना मधेमधे फुंकर तोडायचो. कॉर्नेटवाला तर विहिरीतून वर आल्यासारखा धापा टाकायचा. त्याच्या क्लॅरोनेटचा सूर मात्र एकदा निघाला की निघाला. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाला खाताना सशाच्या हलतात तशा नाकपुड्या हलत राहायच्या. तेवढीच काय ती खूण. मी जव्हार संस्थानच्या बँडात मोठा ढोल वाजवत असे आणि माझी जागा बरोबर त्याच्या मागे. त्यामुळे मी त्याचं तोंड कमी आणि मान जास्त पाहिली. सूर लांबत गेला की मानेवरची एक शीर वर यायची, आणि तो सूर माझ्या ढोलाच्या कातड्यात शिरून माझ्या तळहातांना गुदगुल्या करायचा.

त्याचं नाव लक्ष्या. पण ते आईबापांनी ठेवलं तेवढंच. आम्ही सगळे त्याला तारपा म्हणायचो, कारण आमच्याकडे येण्याआधी तो धबधब्याकाठच्या दाभोसा गावचा तारपेकरी होता. वाळवलेला दुधी, त्यात खोवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा, असा तो तारपा. दसऱ्याला गावोगावचे नाच जव्हारला यायचे, तसा तो एका दसऱ्याला आला. मिरवणूक संपवून आम्ही वाद्यं पुसत बसलो होतो. आमचे मास्तर गोव्याचे. ते एकदम उठले आणि नाचाच्या रिंगणापाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते त्याच्या गालांकडे पाहत होते. नाच थांबल्यावर त्यांनी आपला क्लॅरोनेट त्याच्या हातात दिला. म्हणाले, "फुंक रे बघू."

त्याने वाद्य उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि फुंकलं. पहिल्यांदा क्लॅरोनेट हातात घेणाऱ्याच्या तोंडून बदकाचं ओरडणं निघतं. त्याच्या तोंडून एक मऊ, लांब, जरासा कापरा सूर निघाला. तो ऐकून मास्तरांनी टोपी काढली आणि उगाचच परत घातली.

असा तो लाल कोट घालून आमच्यात आला. कोट त्याला आवडला. बुटांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. त्याहून मोठी पंचाईत कूच करताना व्हायची. तारपेकरी रिंगणाच्या मध्यभागी असतो आणि गोल गोल फिरत वाजवतो. सरळ रेषेत चालत वाजवणं त्याच्या पायांना ठाऊकच नव्हतं. सुरात रंगला की तो हळूहळू डावीकडे सरकायचा, त्याच्याबरोबर त्याची ओळ सरकायची, ओळीमागे मी सरकायचो. एकदा राजवाड्याकडे निघालेला अख्खा बँड तांबट आळीत शिरला. मास्तर पुढे एकटेच काठी उडवत राजवाड्याच्या वाटेने चाललेले! मग त्यांनी त्याच्या डाव्या हाताला एक धिप्पाड तुतारीवाला नेमला. काम एकच, तारपा कलला की खांद्याने लोटायचं.

"तू बघतोस तरी कुठे चालताना?" मी त्याला विचारलं.

"बघतां ना. दाभोशाचा पानी बघतां," तो म्हणाला. "कड्यावरून पडतं, ता खाली लगेच जात नाय. मधीच धूर होतं. तसा सूर हाय ह्यो."

तो इंग्रजी लष्करी मार्च वाजवत होता. पण त्याच्याकडे प्रत्येक चालीला एक जागा असायची. एक चाल म्हणजे खोडाळ्याच्या बाजाराकडे उतरणारी पायवाट, एक म्हणजे नागलीच्या शेतावरून सरकत जाणारी ढगाची सावली. मास्तर "दुसरा मार्च" म्हणाले की तो गोंधळायचा. मी मागून हळूच "सावली" म्हणालो की लगेच त्याचा सूर लागायचा. पुढे पुढे मलाही त्या चाली तशाच दिसायला लागल्या. धुक्याच्या सकाळी पटांगणात तालीम चालायची, पुढचा माणूस दिसायचा नाही, आणि धुक्यातून त्याचा क्लॅरोनेट यायचा. तेव्हा वाटायचं की आपण जव्हारला नाहीच, कुठल्यातरी ओलसर झोपेत उभे आहोत.

राजवाड्यावर एकदा मुंबईचे पाहुणे आले. बागेत चहा होता. आमचं वाजवून झाल्यावर पाहुण्यांनी आपल्याबरोबर आणलेला ग्रामोफोन लावला. त्यातून जे वाद्य बोलायला लागलं, ते आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. आवाज जाड, ओला, हसता हसता गळा भरून आल्यासारखा. ताल असा, की पाऊल टाकायचं आणि जमीन जरा उशिरा लागायची. आम्ही वाद्यं आवरून निघालो तरी तारपा जागचा हलेना.

"मास्तर, ह्यो कोन?"

"सॅक्सोफोन. आणि हे संगीत जॅझ. अमेरिकेचं."

"ह्यो वाजा नाय," तो म्हणाला. "मानुसबी नाय. मधलाच कायतरी हाय."

त्या दिवसापासून त्याचं लक्ष उडालं. मार्च वाजवतानाही सूर मधेच लोंबकळत ठेवायचा, उशिराने खाली आणायचा. माझा ढोल चुकायचा. मास्तर रागावले नाहीत. त्यांचा एक पुतण्या मुंबईत हॉटेलातल्या बँडात होता. त्याच्याकडे त्यांनी आपला सगळ्यात चांगला वादक स्वतः धाडला. मला म्हणाले, "गुणी माणूस धरून ठेवला तर कुजतो रे."

जायच्या दिवशी त्याची बायको सोनी त्याला पोचवायला आली होती. उंच, काटक, कमी बोलणारी. नाचात बायकांच्या रांगेत पहिली असायची ती, आणि तारपेकऱ्याची नजर तिच्या पावलांवर असायची. लग्नही तसंच जमलं म्हणतात. मोटारीपाशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "भात निंगाला का नाचाला ये."

"येतां," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी ढोलाला नवं कातडं आणायला मास्तर आणि मी मुंबईला गेलो, तेव्हा त्याला ऐकायला गेलो. दिवेलागणीच्या आधीची वेळ. समुद्रावरच्या त्या हॉटेलात साहेबलोक चहा घेता घेता नाचत. मास्तरांच्या पुतण्याने आम्हाला भटारखान्याच्या बाजूने आत घेतलं आणि एका पडद्याआड उभं केलं. तारपा काळ्या कोटात होता. केस चापून बसवलेले, हातात सोन्यासारखा सॅक्सोफोन. पाटीवर त्याचं भलतंच काहीतरी गोव्याकडचं नाव लावलं होतं. बँडाचा म्होरक्या एक अमेरिकन निग्रो गृहस्थ होता, वयस्कर, भारदस्त.

तारप्याची पाळी आली. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरू झाला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो सरकतो आहे. डावीकडे. मी मास्तरांचा हात घट्ट धरला. पण इथे त्याला लोटायला तुतारीवाला नव्हता. तो चौथऱ्यावरून उतरला आणि नाचणाऱ्या जोड्यांच्या मधोमध जाऊन हळूहळू फिरायला लागला. मॅनेजर दारातून पुढे धावला. म्होरक्याने नुसता पंजा वर करून त्याला थांबवलं. साहेब आणि मडमा आधी बाजूला झाल्या, मग कशा कोण जाणे, त्याच्याभोवती फिरायला लागल्या. खिडक्यांतून समुद्राचं तांबूस ऊन आत आलेलं, रेशमी झगे त्यात पोहल्यासारखे वळत होते, आणि मध्ये आमचा तारपा. श्वास न तोडता. मास्तर रडत होते आणि ते रडताहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

वाजवून झाल्यावर म्होरक्याने त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला. पुतण्याने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं. म्होरक्याचा ताफा आगबोटीने कोलंबो, रंगून आणि त्याही पुढे जाणार होता आणि त्याला तारपा हवा होता.

"नाचाचं काय?" मी तारप्याला विचारलं.

तो सॅक्सोफोनच्या कळांवरून बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "दादा, सोनीला सांग, माना आजून पुरतं आयकू नाय आलं. आयकून येतां."

मी परतल्यावर सोनीला तसंच्या तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि डोक्यावरची मोळी सावरून निघून गेली.

भात निघालं. नाच झाला. दाभोशाला दुसरा तारपेकरी उभा राहिला. सोनी नाचात उतरली, पण रांगेच्या मध्यावर, पहिली नाही. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. लोक म्हणायला लागले की त्याला काळ्या पाण्याने गिळलं. कोणी म्हणे, तिकडे मडम केली. सोनी बाजाराला जव्हारला आली की आमच्या तालमीच्या पटांगणापाशी थांबायची. माझ्याकडे बघायची. मी नकारार्थी मान हलवायचो आणि ती पुढे जायची. तिच्या माहेरच्यांनी दुसरं घर बघायचं ठरवलं, तेव्हा मात्र ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, तो हाय का नाय, तेवढा सांग. हाय तर मी थांबतां."

मला काय ठाऊक असणार? मी मास्तरांना सांगितलं. मास्तर राजवाड्यावर शब्द टाकून आले. तिथेही आता ग्रामोफोन घेतला होता आणि दर महिन्याला नव्या तबकड्या येत, त्यांत नाचाच्या बँडांच्याही असत. दोन-तीन दुपारी मास्तर आणि मी त्या ऐकत बसलो. आणि एका तबकडीत, सगळी वाद्यं थांबल्यावर, एक सूर निघाला आणि तुटेचना. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

सोनीला बोलावून आणलं. ती राजवाड्याच्या वरच्या सज्ज्यात आली नाही, बाहेर पायरीवर बसली. तबकडी लागली. सगळी बडबड होईपर्यंत ती बोटाने पायरीवरची धूळ पुसत होती. तो सूर आला आणि बोट थांबलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, "त्यो हाय. दमलाय." आणि जाता जाता वळून, "माझे भावाला सांगा, मी कठंबी जायाची नाय."

पुढचं भात निघालं आणि तारपा आला. अगदी अचानक, मोटारीतून उतरून, पाठीवर काळी पेटी. देह सुकला होता, कानशिलांवर पांढरं आलं होतं. मला मिठी मारून म्हणाला, "आयकून आलां." बाकी कोलंबो-रंगूनचं विचारलं की नुसता हसायचा.

नाचाला त्याने मला आणि मास्तरांना दाभोशाला नेलं. सांज होत होती, खळ्यावर पेंढ्याचा वास होता, नदीचा आवाज खालून येत होता. त्याने पेटीतून सॅक्सोफोन काढला, तेव्हा गावातला एक म्हातारा पुढे आला.

"ह्या पितळेत आपला देव नाय रे," म्हातारा शांतपणे म्हणाला. तारप्याने वाद नाही घातला. सॅक्सोफोन परत ठेवला आणि गावचा तारपा हातात घेतला.

रिंगण धरलं. त्याने फुंकलं. आणि पहिल्या फेरीतच सगळं चुकलं. सूर तोच होता, पण ताल दूरदेशी फिरून आलेला. जिथे पाऊल पडायचं तिथे तो थांबायचा आणि जरा उशिराने खाली यायचा. पोरी एकमेकींवर आदळल्या. कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. त्याने जुनी चाल आठवून पाहिली, तरी तेच. त्याला आता ती तशी येतच नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हाच पाहिली, पहिली आणि शेवटची. तो वाजवायचं थांबवणार होता.

सोनी रांगेच्या मध्यावर होती. तिने शेजारणींच्या कमरेवरचे हात सोडले, पुढे जाऊन पहिली उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे पाहायला लागली. तो थांबला, ती थांबली. पाऊल हवेत. मग उशिराने तो सूर खाली आला आणि तिने जमिनीवर पाऊल आपटलं. पुन्हा. पुन्हा. तिच्या मागची पोर तिचं पाहून थबकायला लागली, तिच्या मागची तिचं पाहून. हळूहळू अख्खी रांग एकदम थबकायची आणि पावलं एकदम पडायची. लाट किनाऱ्याशी येऊन क्षणभर विचारात पडावी तसं. म्हातारा काठीने जमीन ठोकू लागला. आधी चुकत होता. मग ताल लागला.

त्यानंतर तारपा कुठे गेला नाही. पुन्हा आमच्या बँडात आला, संस्थान विलीन होईपर्यंत राहिला. लग्नाकार्यात हौसेने कोणी म्हटलं तर सॅक्सोफोन वाजवायचा. बँड मोडला, मास्तर गोव्याला गेले. तारपा एका थंडीत छातीच्या दुखण्याने गेला. मी दाभोशाला पोचलो तेव्हा सोनीने माझ्यापुढे तांब्या ठेवला. म्हणाली, "ऱ्हायला असता तं आनखी वाजवला असता," आणि चुलीकडे वळली. वर्षभरात तीही गेली.

आता इतक्या वर्षांनी, मध्ये एकदा मोखाड्याच्या बाजूला भाच्याकडे गेलो होतो. तिथल्या पाड्यावर संध्याकाळी नाच धरला होता. तारपेकरी विशीतला, त्याने दाभोसा पाहिलंही नसावं. मी ओट्यावर बसून पाहत होतो. रांग वळली, पावलं उचलली आणि सगळी एकदम हवेत थबकली. मग जराशा उशिराने जमिनीवर आली.

नाच थांबल्यावर पाणी प्यायला आलेल्या एका पोरीला मी विचारलं, "ही थांबायची पद्धत तुमच्यात कुठून आली गं?"

तिने तोंड पुसलं आणि या म्हाताऱ्याला काहीच कसं ठाऊक नाही, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"कठून म्हंजी?" ती म्हणाली. "आमचा नाच पयल्यापासून असाच हाय."