पिशवीतलं सर्टिफिकेट

आज भांडी घासून झाल्यावर कमलमावशींनी घराची किल्ली शोधायला पिशवी ओट्यावर उलटी केली, आणि किल्लीबरोबर करोनाच्या लशीचं सर्टिफिकेट बाहेर पडलं. लॅमिनेट केलेलं, कोपरे उकललेले.

“अजून जवळ बाळगता?” मी विचारलं.

“असू दे ताई. कधी कोण मागेल, नेम नाही.”

मागणारी मीच होते. तेव्हा मी सोसायटीची सेक्रेटरी होते आणि लिफ्टच्या दारावर नोटीस चिकटवली होती: लस न घेतलेल्या कामवाल्यांना प्रवेश नाही. राहणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. कमलमावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “भीती वाटते हो.” मी म्हटलं, “नियम आहे.” कसली भीती, हे विचारलं नाही. कपभर चहा होईपर्यंत बोलणं झालं असतं. त्या एकट्याच जाऊन रांगेत उभ्या राहिल्या.

आमच्याकडे ह्यांनी मात्र ‘बघू, बघू’ करत दोन महिने काढले. मी रोज समजूत घालत होते, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून देत होते. त्यांना लिफ्टपाशी कुणी अडवलं नाही.

लस घ्यायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं. पण नवऱ्यासाठी इतके शब्द होते माझ्याकडे; त्यातले चार मावशींसाठी निघाले नाहीत.

मावशींनी सर्टिफिकेट पदराने पुसलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं. सगळ्यात वर, पटकन हाताला लागेल असं.