नवव्या दिवशीचा तांब्या

आमच्या वेळी वडिलांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली तरी दिवसाउजेडी मी बायकोला एक शब्द विचारला नव्हता. काय हवं-नको ते आईमार्फत.

वडवणीला आमच्या रानात कापूस वेचताना तिच्या पायाला घोणस चावली. रिवाजाप्रमाणे तिला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. विष भिनलं तर तो गोड लागतो म्हणे. तिने तोंड वाकडं केलं, "कडू हाय!" मग काय, वडिलांनी मारुतीपुढे नारळ फोडला आणि मीही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायाची जखमही वाहायची थांबेना. त्या लिंबावर भरवसा ठेवला म्हणून मला स्वतःचा अजून राग येतो.

गाडी जुंपून आईवडिलांसह बीडचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि बऱ्याच वेळाने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं, गोठलंच नव्हतं. चार दिवसांनी रक्त थांबलं, तर लघवी बंद! डॉक्टर त्यांच्या उर्दूत म्हणाले, "मियाँ, जहर गुर्दों पे उतरा है। पेशाब खुली तो जान बची। जितनी निकले, उतनाच पानी देना, नाप के।"

विष मूत्रपिंडांवर उतरलं होतं; मोजायचं काम माझ्याकडे आलं, एक तांब्या तिच्या खाटेखाली आणि तेवढाच दुसरा पाण्याचा माझ्याजवळ. दवाखान्याच्या ओसरीत वडील बसलेले असायचे. मी आईला विचारायचो, आई पडद्याआड जाऊन तिला विचारायची आणि मान हलवत परत यायची. तांब्या कोरडाच. तिचा चेहरा सुजला होता. ती पाणी मागायची आणि आई ओठांना नुसता ओला फडका लावायची. तिच्यावाचून गाडी परत न्यावी लागेल, ही भीती मनातून जात नव्हती, पण सांगणार कुणाला?

नवव्या दिवशी सकाळी गावची चार माणसं भेटायला आली होती. वडील त्यांच्याशी बोलत असतानाच पडद्याआडून तिचा खणखणीत आवाज आला.

"अवं, ऐकलं का? लगवी झाली! अर्दा तांब्या भरला!"

गावची माणसं पडद्याकडे बघायला लागली. मी खाली मान घालून वडिलांकडे चोरून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बसलास काय बे?" ते म्हणाले. "ती तुला बोलावती हाय. जा की! अन् पानी घिऊन जा. अर्दा तांब्या, मोजून."