लाखोलीचे तांदूळ

"मोजण्यात चूक झाली म्हणून सांग त्यांना," आई स्वयंपाकघरात दादाला म्हणत होती. "लहान आहेत. पटंल."

मी दाराबाहेर ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होते. आत काही बोलणं चालू असलं की मध्ये शिरायचं मला कधी जमलं नाही. मी थांबते आणि थांबल्यामुळे सगळं ऐकू येतं.

दादा म्हणाला, "आणि परत मोजते म्हणाली तर?"

"मोजू दे की. हाताला काम राहील."

दादाची दोन मुलं तेव्हा बाहेर ओट्यावर बसलेली होती. मुलगी सात वर्षांची आणि मुलाला नुकतंच पाचवं लागलेलं. स्टेशनच्या बाजूनं येणाऱ्या टांग्यांकडे डोळे लावून ती तीन दिवस तशीच बसत होती. त्यांची आई येणार होती. म्हणजे तसं त्यांना वाटत होतं.

माझी वहिनी माघात बाळंतपणाला माहेरी दुधनीला गेली आणि तिथंच गेली. बाळही राहिलं नाही. तार आली तेव्हा मुलं शाळेत होती. दादा मिळेल त्या गाडीनं गेला आणि तेराव्यानंतर परतला तो डोक्याचा गोटा करून. "नवस होता," त्यानं मुलांना सांगितलं. धाकट्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "बाबा, कलिंगड," म्हणून खदाखदा हसला. दादाही हसला. मी भिंतीकडे पाहत होते.

अव्वा दुधनीला आजारी आहे, असं ठरलं. वहिनीच्या माहेरी घरात कानडी, म्हणून मुलं आपल्या आईला अव्वा म्हणत. मुलांना झोपवताना ती जे काही म्हणायची ते आम्हाला कुणालाच येत नव्हतं. सुतकात देवांची पूजा बंद होती. त्याचंही कारण मुलांना द्यावं लागलं. आई म्हणाली, "पाणी कुठं आहे? देव बिनआंघोळीचे बसतील थोडे दिवस." ते बहात्तरच्या दुष्काळातलेच दिवस होते. नळाला दोन-तीन दिवसांनी पाणी येई, तेव्हा हे कुणालाही पटण्यासारखं होतं. गल्लीतल्या बायकांना आईनं दारोदार जाऊन सांगितलं होतं, पोरांसमोर विषय काढू नका. कुणी काढला नाही. एवढी माणसं एवढं खोटं इतक्या नीट सांभाळू शकतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी स्वतः त्यांतली एक होते.

शाळेला सुट्टी लागली आणि मुलं दिवसभर घरात आली. दुपारभर "अव्वा कधी येणार" एवढंच. मग आईनं लाखोलीचा घाट घातला. देवाला लाख दाणे मोजून वाहायचे. कुणी बेल वाहतं, कुणी दूर्वा, आमच्याकडे तांदूळ. आईनं आयुष्यात दोनदा लाखोली वाहिली होती, एकदा दादाच्या वेळी आणि एकदा माझ्या टायफॉइडमध्ये. त्या वर्षी आम्ही रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खात होतो, लाल, घशाला टोचणाऱ्या. तांदूळ सणालाच. तरी दादानं कुठून तरी अडीच किलो आणले.

पहिल्या दुपारी आईनं दोघांना पाटावर बसवलं, समोर परात ठेवली. "अखंड दाणाच घ्यायचा. तुटका दिसला तर बाजूला. शंभराचा एक ढीग. दहा ढीग झाले की एक चिंचोका वाटीत. शंभर चिंचोके झाले की लाख." मी म्हणाले की एक वाटी मोजावी आणि बाकीचे मापानं घ्यावेत.

"देवापुढं अंदाज चालत नाही," आई म्हणाली. "त्याला फसवायचं नसतं. मोजायचं तर खरं मोजायचं."

"मॅडमना सांग की जरा, मोजायला बसा म्हणावं," दादा सदरा चढवत म्हणाला. तो गिरणीच्या कचेरीत कारकून होता, दुसऱ्या भोंग्याला निघायचा. "कॉन्व्हेंटची फी भरली ती हितं तरी कामाला येऊ दे."

मी बसले. मनातल्या मनात वन टू थ्री करत मोजू लागले, कारण आकडे मला तसेच येतात. ओठ हलत असावेत. मुलीनं ते बरोबर पकडलं. "आत्या, देवाला इंग्लिश येतंय का गं?"

"सगळं येतं त्याला," आई म्हणाली.

"कानडी?"

"ते पण."

मुलगी थोडा वेळ मोजत राहिली. मग दाण्यांवरची नजर न उचलता तिनं विचारलं, "लाख झाले की देव काय देतो?"

"मागशील ते."

"अव्वा?"

आई सुपात तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "हूं," ती म्हणाली.

एवढंच. मी तिथं हातभर अंतरावर होते. माझ्यासमोर त्रेसष्ट दाणे झाले होते, हे आजही आठवतं. मी चौसष्टावा उचलला. शाळेत मॉरल सायन्सचं पहिलं बक्षीस मला मिळायचं. खरं बोलण्यावर निबंध लिहायचा असला की सिस्टर माझाच वर्गात वाचून दाखवायच्या, कारण मी स्वतः उभी राहून वाचायला तयार नसे.

नंतर आईला मी विचारलं नाही की असं का म्हणालीस. तिला तरी ते धड सांगता आलं नसतं. सूप हातात होतं, पोरीनं विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं. मग ते परत घेण्याचा एक दिवस ठरवायला हवा होता आणि तो दिवस आम्ही तिघंही एकमेकांवर टाकत राहिलो.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस घर चांगलं वाटलं. दुपारी दारं लावून, गोणपाट ओलं करायलाही पाणी नसायचं तरी, आम्ही चौघं परातीभोवती बसायचो. आई देवाच्या गोष्टी सांगे. हात धुतल्याशिवाय दाण्याला शिवायचं नाही, मोजताना भांडायचं नाही, खोटा आकडा सांगायचा नाही. मुलं ऐकत. भांडणं थांबली. मुलगी आपणहून पहाटे उठून देवाला नमस्कार करू लागली. शेजारच्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "काय वळण लावलंय पोरांना. आमची बघा, नुसती उंडारतात."

पण मुलगी बदलत होती. तिचे ढीग कुणी हलवायचे नाहीत. तिच्या रांगेवरून वारा येतो म्हणून खिडकी लावायची. एकदा दाणा पाटाखाली गेला तर तिनं तीन पाट उचलले, फरशीच्या फटीत केरसुणीची काडी घातली आणि तो मिळेना तेव्हा तो अख्खा ढीग परत परातीत लोटून पहिल्यापासून मोजला. "देव बघतोय," ती धाकट्याला सारखी म्हणायची, अगदी आईच्या सुरात. तो पन्नासाच्या पुढं अडखळायचा. त्याला तिनं दहा-दहाचे ढीग लावायला शिकवलं आणि प्रत्येक ढीग पुन्हा स्वतः मोजून घेतला.

एका दुपारी त्यानं चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले. त्याला भात हवा होता. महिनाभर त्यानं भात पाहिला नव्हता. मुलीनं त्याच्या गालावर अशी चपराक मारली की आई आतून धावत आली. "थुंक," मुलगी म्हणत होती. "थुंक, ते अव्वाचे हायेत." त्यानं गिळले होते. आई तिला रागं भरली नाही. धाकट्याला कडेवर घेऊन ती मोरीकडे गेली आणि बराच वेळ त्याचं तोंड धूत राहिली, पाणी नसताना.

मी त्या संध्याकाळी दादाला गाठायचं ठरवलं होतं. तो आला, पाय धुतले, चहा घेतला. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"काय गं?"

"काही नाही."

"बोलायला पैसे पडतात काय तुला?" तो म्हणाला. रागानं नाही. लहानपणापासून म्हणायचा तसंच.

चाळीस-एक दिवसांनी शंभरावा चिंचोका वाटीत पडला. सोमवार धरून आम्ही पेठेतल्या महादेवाच्या देवळात गेलो. मुलीनं अव्वानं शिवलेलं परकर-पोलकं घातलं होतं. दंडात घट्ट झालं होतं, तरी तेच हवं म्हणाली. पिंडीसमोर तिनं ओंजळीओंजळीनं तांदूळ वाहिले. डबा उलटा करून आपटला, एखादा दाणा चिकटून राहिला का ते बोटानं चाचपून पाहिलं. गुरवानं नारळ फोडला. आम्ही प्रदक्षिणा करून आलो तोवर त्यानं ते तांदूळ सुपलीनं भरून कोपऱ्यातल्या पोत्यात लोटले होते. तसंच करतात, त्यात वावगं काही नाही. मुलगी त्या पोत्याकडे बघत उभी राहिली. "त्याला कळंल का, आपले कुठले?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली. हो की नाही, ते तिनं ठरवावं अशी.

घरी आल्यावर तिनं जेवायला एक ताट जास्त मांडलं. आईनं ते उचललं. संध्याकाळी परत मांडलं. मग ओट्यावर बसणं सुरू झालं. दुधनीकडची पॅसेंजर येऊन गेली की तासभर ती तिथून हलायची नाही. धाकटा तिच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी तिनं आत येऊन आईला विचारलं, आणि त्यानंतर स्वयंपाकघरात ते बोलणं झालं, जे मी बादली घेऊन ऐकलं.

दादानं त्याच संध्याकाळी दोघांना जवळ घेऊन सांगितलं. मोजण्यात कुठंतरी चूक झाली असंल. देवाला लाख पोचले नाहीत. त्यानं हे फार मायेनं सांगितलं. धाकट्याच्या पाठीवर हात होता. मुलगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "किती कमी पडले?"

"ते कसं सांगणार, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवासमोर उभी राहून मोठ्यानं आपल्या चुका सांगत होती. हेही आईनंच शिकवलेलं, की चूक झाली तर देवासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करायची. पाटाखाली गेलेला तो दाणा. एके दिवशी झोप आली असताना मोजलेले दोन ढीग. शाळेतल्या मैत्रिणीची पेन्सिल, जी दोन वर्षांपूर्वीची होती. आई देव्हाऱ्यासमोर वात सारत होती. तिनं ते सगळं ऐकलं, आणि दिव्यात तेल घातलं. दुपारी मुलगी जेवली नाही. भूक नाही म्हणाली. तिच्या भाकरीचे दोन तुकडे झाकून ठेवले, ते तसेच राहिले.

तिसऱ्या प्रहरी मी आत पुस्तक घेऊन पडले होते. मोरीतून आवाज आला, खाकरल्यासारखा. परत आला. मग मुलीचं हळू बोलणं. "अजून आत घाल. आत."

मी उठून गेले. धाकटा मोरीच्या कट्ट्याला धरून वाकला होता. त्याची दोन बोटं घशात होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्याच्या तोंडाखाली मुलगी पितळी ताटली धरून बसली होती. ताटलीत थोडी लाळ आणि सकाळच्या भाकरीचा लाल लगदा होता. ती तो बोटानं वेगळा करून पाहत होती.

"ह्यानं खाल्ले होते," तिनं मला सांगितलं. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली. "चूक ह्याचीच हाय, आत्या. तेवढे दाणे बाहेर आले की पुरे होतील."

"येत न्हाईत," धाकटा म्हणाला आणि त्यानं परत बोटं आत घातली.

मी त्याचा हात धरला. त्यानं तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला. बोटांवर दाताचे व्रण होते, म्हणजे हे बराच वेळ चाललेलं होतं आणि मी दहा पावलांवर वाचत पडले होते. मागं आई येऊन उभी राहिली. मी वळून पाहिलं नाही, तरी मी आता सांगणार हे तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "अगं, थांब. दादाला येऊ दे."

तोंडाशी आले ते सगळे शब्द घरातल्या नेहमीच्या वापरातले होते. देवाघरी गेली. देवानं बोलावलं. त्यांतला कुठलाही वापरला असता तर मुलीनं त्या घरातून तिला आणायला उद्या दुसरी परात मांडली असती. मला साधा शब्द हवा होता. तो मांजराबद्दल, चिमणीबद्दल वापरतात. मुलांना कळणारा तेवढा एकच होता.

मी खाली मोरीत बसले, म्हणजे दोघांची तोंडं माझ्या समोर आली.

"तुझं मोजणं बरोबर होतं," मी म्हणाले. "एक दाणासुद्धा कमी नव्हता. ह्यानं खाल्ले, त्यानं काही झालं नाही. अव्वा मेली. बाळ होताना मेली, माघात. आपण पहिला ढीग लावला तेव्हा ती नव्हतीच, आणि मला ते माहीत होतं."