बटण पडू दे

माझ्या सासूबाई रोज सकाळी उठल्या की आधी घरातली वीज घालवायच्या आणि मग देवापुढे दिवा लावायच्या. मीटरच्या बोर्डावर एक बटण असतं. कुठे वीज गळायला लागली की ते आपोआप खाली पडतं आणि घरातला करंट तुटतो. ते चालतंय की नाही हे बघायचा छोटा खटका त्यावरच असतो. आई तो दाबायच्या, बटण पडायचं, पंखे थांबायचे. मग बटण वर करून त्या चहा ठेवायच्या. पाहुणे झोपलेले असले तरी हे चुकायचं नाही.

मी कल्याणची. लग्न होऊन घोडबंदर रोडच्या आत, खाडीकडच्या कोळीवाड्यात आले. तेव्हा हे बटण घरात होतंच, आणि सारखं पडायचं. माझा नवरा प्रशांत क्रिकेट बघत बसलेला असला आणि बटण पडलं, की त्याचं डोकंच फिरायचं. शेवटी त्याने वायरमनला बोलावून सगळं डायरेक्ट करून घेतलं, म्हणजे बटण मधून काढूनच टाकलं. नंतर एका दुपारी अंगण धुताना ओल्या हाताने त्याने पाण्याच्या मोटरला हात लावला. झालं.

मी रडले नाही. लोक म्हणाले, नंतर रडेल. नंतरही नाही रडले. ऑफिसला जायचे, डबा खायचे, कुणी हसलं की हसायचे. आत काही हलतच नव्हतं.

आईंनी दिवसकार्य झाल्यावर पहिलं काय केलं, तर नवीन बटण बसवून घेतलं. आणि दुसऱ्या सकाळी टोपली घेऊन गच्चीवर गेल्या. मासे चिरायचे, मीठ भरायचं, वाळवायचे, हे त्या लग्नाआधीपासून करत आलेल्या. त्या दिवसांत त्यांना अंथरुणातून उठवणारी तेवढी एकच गोष्ट होती. मला तीही नव्हती. प्रशांतचं नाव आम्ही दोघी घेत नसू. बटण पडून कुणी कुरकुरलं की मात्र त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बटन पडला ना? पडू दे. मानूस नाय ना पडला."

पुढे माझा धाकटा दीर नीलेश, त्याने गच्चीवर सोलर बसवलं. वाळवायला जागा उरली नाही. आईंनी शांतपणे पॅनेलच्या लोखंडी सांगाड्यालाच दोऱ्या बांधल्या आणि मासे टांगले. आमच्याकडे रिकामा बांबू दिसला तरी बायका मासे टांगतात, हा तर आयता मांडव!

आणि रोज सकाळी बटण पडायला लागलं. नीलेश अंगाला साबण लावून आतून ओरडायचा, "अरे यार, काय कटकट आहे रोजची!" इन्व्हर्टरवर लाल दिवा. वर केलं की पुन्हा पडायचं, दुपारी मात्र राहायचं. सोलरवाला यायचा तोही नेमका जेवणानंतर. "मॅडम, सिस्टम एकदम ओके आहे." दोनतीनदा असं झाल्यावर मी वैतागून म्हटलं, "अहो, मग सकाळी या की!"

सकाळी आला तेव्हा पॅनेलखाली वाकून बघितल्या बघितल्या त्याला कळलं. माशांचं खारट पाणी दोरीवरून वायरींच्या जोडावर ठिबकत होतं. रात्रीच्या दवाने तो जोड ओला व्हायचा आणि वीज सांगाड्यात उतरायची. ऊन चढलं की सुकायचा. त्याने जोड बदलले. जाताना म्हणाला, "मासे इथे नको, नाहीतर परत पडणार."

संध्याकाळी नीलेश आईजवळ बसला. त्याला वाईट वाटत होतं. म्हणाला, "आई, तू वाळव गं मासे. सकाळपुरतं डायरेक्ट करून ठेवू. तासभर फक्त."

आई रागावल्या नाहीत. उठून गच्चीवर गेल्या आणि दोऱ्या सोडायला लागल्या. मी मागोमाग गेले. म्हटलं, "आई, राहू द्या. पॅनेल काढायला सांगू आपण. गच्ची तुमची आहे."

"नको गो. ह्या पोराच्या तोंडात आज ता शब्द आला. मी नसंन तवा हात लावल. मासं नसलं त बटन पडायचाच नाय, मंग कशाला कोन डायरेक्ट करतंय?" गाठ सुटेना, तर त्यांनी दाताने सोडली. "एक पोरगा बास झाला."

टोपली शेजारणीला देऊन टाकली. त्यानंतर त्या ओट्यावर बसून असायच्या. सकाळी नीलेश बाहेर पडताना विचारायच्या, "पडला काय?" तो म्हणायचा, "नाही आई." "बरा झाला." बसून बसून त्या माझ्यासारख्याच झाल्या, आणि मला ते दिसत होतं, पण करवत काही नव्हतं.

मागच्या थंडीत त्या गेल्या. आंघोळ घालताना कळव्याहून आलेली त्यांची मावसबहीण एकदम थांबली. तळवे उलटे करून बघितले, स्वतःच्या गालाला लावले.

"हिचे हात कवा गो एवढे मऊ झाले? नुसत्या मिठाच्या भेगा होत्या."

मी म्हटलं, "गच्ची सोडल्यापासून."

आणि मला रडू फुटलं. आवरेचना. प्रशांतसाठीचं राहिलेलंही त्यातच आलं.