सातव्या गड्याची उंची

आमच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका रविवारी, कामगार वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या पोरांचा कबड्डी संघ न खेळताच बाद झाला. तो त्यांना खेळ शिकवणाऱ्या मास्तरानंच बाद केला.

मास्तर कारखान्यात फिटर होता. घरी जेवायच्या पाटालाही मोजपट्टी लावायचा.

जन्मदाखले कोणाकडेच नव्हते, म्हणून स्पर्धेत वयाऐवजी उंची मोजत: आडव्या दांडीला ज्याचं डोकं लागेल तो मोठा, म्हणजे बाद. आमचा सातवा गडी गुडघे वाकवून दांडीखाली आला. पंचांनी होकार दिला.

"गुडघे सरळ कर, बाबू!" मास्तर ओरडला. पोराचं डोकं दांडीला लागलं. सहाच उरले.

"पंचाले नाही दिसलं, तुमाले कावून खाज?" एका बापानं विचारलं.

"मले दिसलं ना, भाऊ. डोये घरी ठेवून येऊ का?"

संध्याकाळी पालकांनी त्याची शिट्टी काढून घेतली. नव्या मास्तरानं पहिल्या दिवशी पोरांना गुडघे वाकवून चालायला शिकवलं.