अक्काच्या घरी नेलेला फराळ

दर वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी मी या ब्लॉगवर ‘सणात पोट कसं आवरावं’ छापाचं काहीतरी लिहितो. यंदा लिहिलं नाही. दोघातिघांनी का म्हणून विचारलं, तर हे घ्या. पण हे नांदेड ते लातूर अशा एका दिवसाच्या प्रवासाचं आहे आणि वाचून कुणाला हलकं वाटेल असं नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, लातूरला असते. तिचे यजमान, आमचे दाजी, शुगरचे जुने पेशंट, श्रावणात हार्ट अटॅकनं गेले. दुःखाच्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, फराळ माहेरून जातो. भाऊबीजेला तो डबा घेऊन मी निघालो. बायकोनं चिवडा, करंज्या आणि अनारसे भरून दिले होते.

सकाळी साडेसातची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायला साडेतीन तास लागतात, सणाच्या गर्दीत चार धरा. तिकीट अडीचशेच्या आत. आरक्षण कराच, भाऊबीजेला अख्खा मराठवाडा बहिणीकडे निघालेला असतो. लोह्याच्या पुढे सोयाबीन निघून रानं काळी झाली होती, मधूनमधून तूर पिवळी फुलली होती. एरवी मी दहा फोटो काढले असते. यंदा एकही काढला नाही.

अहमदपूरला गाडी पंधरा मिनिटं थांबते. स्टँडबाहेर भज्यांची कढई उकळत असते, तिकडे बघायचंही नाही, पेरू घ्यायचा. हा माझा जुना नियम. पेरू घेऊन परत आलो, तर शेजारच्या सीटवरच्या बाई चाकूरला भावाकडे निघालेल्या. त्यांनी पिशवीतून बेसनाचा लाडू काढून पुढे केला.

“घ्या दादा. घरच्या तुपातला हाय.”

“नको ताई, शुगर बॉर्डरवर आहे.”

“एका लाडवानं काय हुतंय? सणाला न्हाई म्हणू नये ओ. देणाऱ्याला लागतं.”

मी हात जोडले. गेली सहा वर्षं मी असे हात जोडत आलोय आणि त्याचा मला अभिमान होता. बाईंनी लाडू गुपचूप परत ठेवला आणि चाकूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

लातूर स्टँडपासून अक्काचं घर चालत पंचवीस मिनिटं. रिक्षावाले मागे लागतात, पण प्रवासात बसून बसून वजन वाढतं म्हणून मी चालतो. दाजी असते तर गंजगोलाईतलं भांड्यांचं दुकान नोकरावर सोडून स्कूटरवर घ्यायला आले असते आणि “मेव्हणे, तुम्ही चालून चालून एक दिवस दिसेनासे हुताल,” म्हणाले असते. त्या रस्त्यावर मला त्यांची फार आठवण आली.

दार भाचीनं उघडलं. अक्का आत जमिनीवर बसली होती. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता, गालफडं बसली होती. ‘बारीक झालीस’ हे मी आयुष्यभर लोकांना कौतुकानं म्हणत आलो. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

“मामा, सकाळी चहा आन् संध्याकाळी भाकरीचा तुकडा, बस्,” भाची म्हणाली. “तू तरी सांग तिला.”

“खाऊन राहिले की मी,” अक्का म्हणाली.

वर्ष दुःखाचं, म्हणून ओवाळणं नव्हतं. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण उघडलं, वरच अनारसे होते. थोडा वेळ बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

“मागच्या दिवाळीला एकच मागितला होता त्यांनी. एकच दे म्हणले. अनारसा लई आवडायचा रे त्यांना. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कंबरेला. न्हाई दिला मी. चिडले न्हाईत, काही न्हाई. दुकानात निघून गेले.” ती पदरानं डबा पुसत राहिली. “आता माझ्या घशाखाली कसा उतरंल?”

“डॉक्टरांनी खरंच इतकं कडक सांगितलं होतं का गं तुला?” भाचीनं विचारलं.

अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. “हाव. डॉक्टरच म्हणले होते.”

येसर आमटी आणि भाकरी झाली होती. मी जेवलो, ती समोर बसून वाढत राहिली. मी आग्रह करायला गेलो, पण मला तो येतच नाही. चारच्या गाडीनं परत फिरलो. डबा तिनं फडताळात ठेवला होता.

घरी येऊन सवयीनं वजनकाट्यावर उभा राहिलो. दिवाळीत पहिल्यांदाच वजन अर्धा किलो कमी भरलं. “जमलं की यंदा!” बायको म्हणाली. मला रडू आलं. तिला कारण सांगितलं आणि मग हे लिहायला बसलो.

अक्का, तू माझं सगळं लिहिलेलं मोबाईलवर वाचतेस, म्हणून इथेच सांगतो. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. डॉक्टर दाजींना ‘थोडं चालेल’ म्हणाले होते. ‘अजिबात देऊ नको, कुलूप लाव,’ हे फोनवर मी म्हणालो होतो. दोनदा म्हणालो होतो. तुला ते पक्कं आठवतं, तरी पोरीसमोर तू मला झाकलंस आणि मी झाकू दिलं. दाजींना मी नाही म्हटलं, तू फक्त धाकट्या भावाचं ऐकलंस.

अनारसे पंधरा दिवस टिकतात. एक खा.