दानियलने लावलेला स्क्रू

दहा हजार फुटांवरच्या लष्कराच्या त्या वर्कशॉपमध्ये मी हवालदार म्हणून हजर झालो, तेव्हा तिथे पेट्रोलवर चालणाऱ्या अकरा गाड्या होत्या आणि एक नाईक दानियल वळवी. गाड्या रोज रडायच्या, दानियल रोज हसायचा. तो नवापूरच्या डोंगरपट्ट्यातला, मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याचा. परमुलखात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की भाऊ भेटल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी त्याने मला सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "उस्ताद, घरचं लोणचं आणलंय का?" आणलं होतं. आठ दिवसांत त्याने बरणी रिकामी केली.

दिनक्रम साधा होता. सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. सव्वासहाला सगळी इंजिनं चालू झालीच पाहिजेत. त्या उंचीवर हवा विरळ, थंडी हाडं फोडणारी. कार्बोरेटर म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मापात मिसळून सोडणारा भाग, आणि तो तिथे हटकून रुसायचा. त्यावर एक छोटा स्क्रू असतो, मिक्श्चर स्क्रू. तो अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, इकडेतिकडे झाला तरी इंजिन खोकायला लागतं. मी पुस्तकाप्रमाणे आटे मोजून तो लावायचो. दानियल स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायचा आणि मग लावायचा.

"अरे, तू काय डॉक्टर आहेस?" मी खेकसायचो.

"डॉक्टरच की, उस्ताद. फक्त माझा पेशंट पेट्रोल पितो."

मला राग यायचा, कारण त्याची गाडी माझ्या गाडीच्या आधी चालू व्हायची.

एका फेब्रुवारीत, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खालच्या वळणावर ॲम्ब्युलन्स गाडी बंद पडल्याचा निरोप आला. आत अपेंडिक्स फुटलेला जवान होता. मी दानियलला पाठवलं. त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून पाठवलं. रेडिओवर मी बसलो.

"जेट में कचरा है, उस्ताद. बीस मिनट. ओव्हर." जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक.

"जल्दी कर. ओव्हर."

अकरा त्रेचाळीसला तो आणखी एकदा बोलला. गाडी निघाली आणि तो जवान वाचला. दानियल हत्यारं गोळा करायला मागे थांबला होता, तेवढ्यात वरून बर्फ सुटला. तीन तास उकरल्यावर तो सापडला. उकरणाऱ्यांत मी होतो. त्याची मुलगी रूथ तेव्हा सहा महिन्यांची होती.

रिटायर झाल्यावर मी लोणखेड्यात पत्र्याची शेड टाकली. जुन्या जीपा, जुन्या मोटारी, ज्यांना आजच्या गॅरेजमध्ये कोणी हात लावत नाही, त्यांचे मूळ कार्बोरेटर मी खोलतो आणि पुन्हा उभे करतो. लोक म्हणतात, नवा बसवून टाक. मी म्हणतो, तुमच्या बापाला बदलता का? असं तोंड असल्यामुळे गिऱ्हाईक थोडं आहे, पण टिकून आहे.

यंदा मे महिन्यात योनाबाबा आले. दानियलचे वडील. वय ऐंशीच्या पुढे. पिकअपवर लादून जुनी जीप आणली होती. पूर्वी ते तीच जीप नवापूरच्या रस्त्यावर चालवायचे. शेवटच्या सुट्टीत दानियलने तिचं इंजिन बांधलं होतं. दोन वर्षांपासून ती बंद होती. रूथचं लग्न ठरलं होतं, आणि तिला चर्चला वडिलांनी बांधलेल्या जीपमधूनच जायचं होतं.

बाबा खाटेवर बसले आणि मिक्श्चर स्क्रूवर बोट रोखून म्हणाले, "हवालदार, सगळं खोल. पण हा स्क्रू त्याने लावलेला आहे. चोवीस वर्षं मी कोणाला हात लावू दिला नाही. हा तसाच राहू दे."

मी त्यांना समजावलं. तो काढल्याशिवाय आतली वाट साफ होणार नाही. पण काढण्याआधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवायचा, किती आटे लागले ते मोजायचं, लिहून ठेवायचं. मग पुन्हा बसवताना तेवढेच आटे सोडायचे. दानियलने ठेवला होता, अगदी तिथेच येतो. बाबांनी बराच विचार करून मान डोलावली. मी खडू काढून शेजारी ठेवला. सव्वादहा वाजले होते.

स्क्रूड्रायव्हर लावला आणि बाबांनी विचारलं, "तो शेवटी काय बोलला? मला कोणी सांगितलंच नाही."

चोवीस वर्षं मीही कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"तो म्हणाला, 'गाडी चालू है, उस्ताद. सुनो, कैसी गा रही है.' आणि त्याने हँडसेट इंजिनाजवळ धरला, बाबा. मी ऐकलं. मग थोड्या वेळाने मी म्हणालो, अब वापस आ. त्याचं उत्तर आलं नाही."

बाबांनी डोळे पुसले. मीही पुसायला हात वर केला, तर तळहातावर स्क्रू होता. निघालेला. मोजलेला नाही.

इतकी वर्षं नोकरी केली, कधी खोटा रिपोर्ट दिला नाही, आणि त्या दिवशी खडूने "पावणेदोन आटे" लिहून टाकलं. अंदाजाने. जेवायला घरात गेलो तर बायकोने ताट ठेवता ठेवता विचारलं, "तुम्हनं तोंड काबर उतरनं?" तोंड का उतरलं ते मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगी टाका ना त्या बाबाले. त्यान्हा पोऱ्यानी वस्तू शे ती, तुम्हनी नही." खरंच, वस्तू त्यांच्या पोराची होती, माझी नव्हे.

दुपारभर काम केलं. जेट पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकलं, भोक मोठं होऊ नये म्हणून तार घातली नाही. सांध्यात बसणारं नवं गॅस्केट कापलं, पेट्रोल मापात राखणाऱ्या फ्लोटची पातळी धरली. चार वाजून वीस मिनिटांनी, शेवटी स्क्रू बसवायच्या आधी, बाबांसमोर उभा राहिलो.

"बाबा, आटे मोजायचे राहिले. ते लिहिलंय ते खोटं आहे. दानियलची खूण मी घालवली. माझं चुकलं."

बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मला वाटलं, आता म्हातारा उठून जाईल. गेला असता तर मी अडवलं नसतं.

"तू नाही घालवलीस," ते म्हणाले. "मीच घालवली. तो गेला त्याच वर्षी, पावसाळ्यात. गाडी चालू होईना, गावात बाई अडली होती, दवाखान्यात न्यायची होती. मी स्क्रू फिरवला. मग मार्ताला, दानियलच्या आईला, काय सांगू? रोज सकाळी ती त्या बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करायची. मी म्हणत राहिलो, त्यानेच लावलेला आहे. ती गेली. मग रूथला पण तेच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रूथ जीप बघायला आली. उंच पोर, नवापुरात नर्स. बाबांनी तिला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेत होती आणि गालात हसत होती.

"आजोबा, मला माहीत आहे. आजीने तुम्हाला स्क्रू फिरवताना ओट्यावरून पाहिलं होतं. मला म्हणाली, आजोबांना कळू देऊ नको. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही, तर वाटू दे."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "मार्ता! अगं म्हातारे!" ते वर बघून ओरडले, आणि मग हसता हसता रडायला लागले. रूथने त्यांना धरलं. मी पाठ फिरवून स्क्रू अंदाजाने बसवला आणि इंजिन चालू केलं. ते खोकत होतं.

"रूथ, इकडे ये," मी म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "हळू फिरव. जिथे आवाज गोड लागेल तिथे थांब."

तिने कान जवळ नेला. फिरवला, थांबली, जरा मागे आली. खोकला थांबला, आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. किती आटे झाले ते मी मोजलं नाही.

बाबा उठले, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि मला दम दिला, "हवालदार, हा दानियलच्या पोरीने लावलेला स्क्रू आहे. आता याला कोणी हात लावायचा नाही."